डोक्याला मार, थंडीचा उपचार आणि प्रथिनांची साक्ष

आज आपण डोक्याला लागलेल्या माराबद्दल बोलणार आहोत, आणि अशा मारावर शरीर गार करून उपचार होतो का याबद्दलही. विषय मोठ्या दवाखान्यातला आहे, पण त्याची सुरुवात आपल्या दारातूनच होते. मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई गाडी खड्ड्यात आदळली की मागच्या मागे पडते. कुणाचा पदर चाकात अडकतो. उसाच्या ट्रॉलीवरून माणूस खाली येतो, पोर माळवदावरून पडतं, सासूबाई न्हाणीत घसरतात. आणि काही घरांत डोकं भिंतीवर आपटवलं जातं, पण सांगताना 'जिन्यावरून पडले' असं सांगितलं जातं.

अशा वेळी चारचौघं धावतात आणि कुणीतरी हमखास गार पाण्याची कळशी आणतं. डोकं गार केलं की मेंदू शांत होईल, असं आपल्याला वाटतं. आपण अडाणी आहोत म्हणून असं वाटतं, असं अजिबात नाही. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही हेच वाटलं होतं आणि त्यांनी ऐंशी वर्षं या विचाराचा पाठपुरावा केला. त्यातून काय निघालं ते आज सांगतो, कारण त्यात आपल्या कामाच्या बऱ्याच गोष्टी आहेत.

आधी मार लागतो तेव्हा आत काय होतं ते पाहू. मेंदूला इजा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा आदळण्याच्या क्षणाचा. त्यात ज्या पेशी चिरडल्या, ज्या नसा ताणल्या, तुटल्या, ते नुकसान तिथल्या तिथे झालेलं असतं. दुसरा टप्पा त्यानंतर सुरू होतो आणि काही तास, काही दिवस चालतो. दुखावलेल्या पेशी गरजेपेक्षा जास्त रसायनं बाहेर सोडतात, त्यामुळे शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात. मेंदूला सूज येते. पायाला सूज आली तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात असतो. सूज वाढली की आतला दाब वाढतो, रक्त नीट पोचत नाही आणि नुकसान आणखी वाढतं. पहिल्या टप्प्याचं कुणीच काही करू शकत नाही. दवाखान्यात जी धडपड चालते ती सगळी दुसरा टप्पा रोखण्यासाठी.

इथेच थंडीचा विचार आला. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं, हिवाळ्यात रात्रभर ठेवलं तरी पातळ राहतं. इडलीचं पीठ वैशाखात फसफसून बाहेर येतं, पौषात फुगता फुगत नाही. गारव्यात सगळी जिवंत कामं मंदावतात. मेंदूचंही तसंच आहे. तो गार झाला की त्याची प्राणवायूची आणि साखरेची गरज कमी होते. मग डॉक्टरांनी विचार केला, की माणसाला काही दिवस गार ठेवलं तर तो दुसरा टप्पाही मंदावेल आणि मेंदू वाचेल.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात टेंपल फे नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी रुग्णांचं शरीर मुद्दाम गार करून उपचार करायला सुरुवात केली. पुढे उंदरांवर प्रयोग झाले, तेही आशा वाढवणारे होते. मार दिल्यावर लगेच गार केलेल्या उंदरांच्या मेंदूचं नुकसान कमी झालेलं दिसलं.

माणसाला असं गार करणं म्हणजे डोक्यावर ओली पट्टी ठेवणं नव्हे. आपलं शरीर ३७ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर ९८.६. ते ३३ अंशांवर आणायचं, म्हणजे साधारण ९१ वर. त्यासाठी गार पाणी फिरणाऱ्या चादरी लागतात, श्वासाचं यंत्र लागतं, गुंगीचं आणि थरथर थांबवण्याचं औषध लागतं. हे सगळं फक्त अतिदक्षता विभागात होतं.

आता उपचार खरंच उपयोगी आहे की नाही, हे ठरवायचं कसं? त्याची एक पद्धत आहे आणि ती आपल्याला ओळखीची वाटेल. भिशीत आपण चिठ्ठी टाकतो, म्हणजे कुणाची बाजू घेतली असं होत नाही. तसंच रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करतात. एका गटाला नेहमीचे सगळे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय थंडी. सहा महिन्यांनी कोण वाचलं, कोण स्वतःच्या हाताने जेवतं, कोण घरातलं काम करू शकतं, ते मोजायचं.

अमेरिकेतल्या ३९२ रुग्णांच्या अशा चाचणीचा निकाल २००१ साली आला. ४८ तास ३३ अंशांवर ठेवूनही दोन्ही गटांतल्या मृत्यूंचं आणि कायमच्या अपंगत्वाचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. मग मुलांवर कॅनडा, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये चाचणी झाली. तिचा निकाल २००८ साली आला. २२५ मुलांमध्ये गार केलेल्या गटातली २३ मुलं दगावली, दुसऱ्या गटातली १४. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण फायदा काही दिसला नाही.

पुढची चाचणी १८ देशांतल्या दवाखान्यांत झाली, ३८७ रुग्णांवर. ती मध्येच थांबवावी लागली. २०१५ साली आलेला तिचा निकाल असा, की नेहमीच्या उपचारांत १०० पैकी ३७ जण चांगले सावरले, तर गार केलेल्यांत फक्त २६. गंमत बघा, थंडीने डोक्यातला दाब आटोक्यात ठेवायला मदत झाली होती. यंत्रावरचा आकडा सुधारला, माणूस सुधारला नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातून चालवलेल्या ५११ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. त्यात गार करायला शक्य तितकी लवकर सुरुवात केली होती, तरी दोन्ही गटांत १०० पैकी साधारण ४९ जणच चांगले सावरले.

म्हणजे उंदरांना लाभलेली थंडी माणसांना लाभली नाही. कधी काहीच फरक पडला नाही, कधी तोटा झाला. असं का झालं, याचं उत्तर शोधण्यासाठी संशोधक प्रथिनांकडे वळले.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी आणि अंगणवाडीतला तक्ता आठवतो. पण प्रथिनं फक्त ताटात नसतात. आपल्या शरीरातली बहुतेक कामं प्रथिनंच करतात. आपल्या गटाचं उदाहरण घ्या. नियमावली कपाटात असते, ती नुसती वाचून काही होत नाही. कर्ज वाटणं, हप्ता गोळा करणं, बँकेत जाणं हे सदस्य करतात. शरीरात जनुकं ही नियमावली आणि प्रथिनं हे काम करणारे सदस्य. कुठलं प्रथिन रक्त गोठवतं, कुठलं जंतूंशी लढतं, कुठलं पेशीला आकार देतं, कुठलं दुसऱ्या प्रथिनाला तोडतं. कुठल्या दिवशी कोण हजर होतं, किती होते आणि कोणाची मोडतोड झाली, हे कळलं तर पेशीत काय घडलं ते कळतं. एकाच वेळी हजारो प्रथिनांची अशी हजेरी घेण्याच्या शास्त्राला प्रोटिओमिक्स म्हणतात.

ही हजेरी घेतात कशी? रुग्णाचं थोडं रक्त किंवा मेंदूभोवतीचं पाणी घेतात. प्राण्यांच्या प्रयोगात मेंदूचा तुकडाच घेतात. त्यातली प्रथिनं मोठी आणि गुंतागुंतीची असतात, म्हणून आधी त्यांचे बारीक तुकडे करतात. त्यासाठी ट्रिप्सिन वापरतात. हेच ट्रिप्सिन आपल्या आतड्यात अन्नातली प्रथिनं तोडतं. मग मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र त्या प्रत्येक तुकड्याचं वजन करतं. ते वजन इतकं अचूक असतं की त्यावरून हा तुकडा कुठल्या प्रथिनाचा ते ओळखता येतं.

दोन गटांची तुलना करायची तर आणखी एक युक्ती आहे. समजा, चार घरच्या बायकांनी पापड लाटले आणि एकाच गच्चीवर वाळत घातले. प्रत्येकीने आपल्या पापडाला वेगळी खूण केली असेल, तर ऊन सगळ्यांना सारखं मिळतं आणि शेवटी कुणाचे किती तेही कळतं. तसंच गार केलेल्या आणि न केलेल्या प्राण्यांच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रासायनिक खुणा लावतात, सगळं एकत्र करून यंत्रात घालतात आणि कुठलं प्रथिन कुणात वाढलं, कुणात घटलं ते पाहतात.

या तपासणीतून काय हाती लागलं त्याची तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं उदाहरण थंडीच्या बाजूचं. मेंदूच्या पेशींमध्ये स्पेक्ट्रिन नावाचं प्रथिन असतं. झोपडीला जसे वासे, तसं ते पेशीला आतून धरून ठेवतं. मार लागल्यावर पेशीत कॅल्शियम शिरतं, त्यामुळे कॅल्पेन नावाचं दुसरं प्रथिन जागं होतं आणि ते हे वासे तोडायला लागतं. तुटलेले तुकडे मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतात आणि तिथे मोजता येतात. गंभीर मार लागलेल्या रुग्णांमध्ये ते वाढलेले आढळले आहेत. १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की मार लागल्यावर उंदरांना गार केलं तर ही तोडफोड कमी होते. म्हणजे थंडीचा फायदा खरोखरच होतो, तो नुसता भास नाही.

दुसरं उदाहरण दुसऱ्या बाजूचं. चीनमधल्या संशोधकांचा असाच खुणा लावून केलेला अभ्यास २०१८ साली छापून आला. त्यांनी थंडीशी संबंध असलेली अनेक प्रथिनं शोधली आणि त्यातली चार उंदरांच्या मेंदूत आणि माणसांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात पुन्हा तपासली. त्या चारपैकी तीन रक्ताच्या गोठण्याशी निगडित निघाली. एक गुठळीचे धागे बनवणारं, एक गोठण्याला लगाम घालणारं आणि एक झालेली गुठळी विरघळवणाऱ्या रसाचं मूळ रूप. आता विचार करा, डोक्याला मार लागलेल्या माणसात रक्त वेळेवर गोठणं किती महत्त्वाचं! आत रक्तस्राव चालू असेल आणि गोठण्याचं काम बिघडलं तर जीव जाऊ शकतो. थंडीत गोठण्याची क्रिया मंदावते, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत आहे.

या दोन उदाहरणांतून मुख्य मुद्दा समोर येतो. थंडी निवड करत नाही. ती तोडफोड करणाऱ्या प्रथिनांना मंद करते, तशीच रक्त गोठवणाऱ्यांनाही करते. गार शरीरात जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते, म्हणून अशा रुग्णांना न्यूमोनियाचा धोका असतो. औषधांचा निचरा करणारी यकृतातली प्रथिनंही मंदावतात, म्हणून गुंगीचं औषध अंगात जास्त वेळ टिकतं. दंगा थांबवायला सगळ्या गावाची वीज तोडावी तसं हे आहे. दंगा थांबेल, पण पाण्याची मोटर आणि दवाखानाही बंद पडेल.

तिसरं उदाहरण आशेचं आहे. थंडीत काही मोजकी प्रथिनं कमी न होता उलट वाढतात. त्यातल्या एकाचं नाव आरबीएम-३. २०१५ साली ब्रिटनमध्ये जिओव्हाना मालुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंदरांना गार केल्यावर हे प्रथिन वाढतं आणि मेंदूच्या पेशींचे तुटलेले जोड पुन्हा जुळायला मदत करतं. त्यांचं काम मेंदू हळूहळू झिजवणाऱ्या आजारांवर होतं, डोक्याच्या मारावर नव्हतं. पण त्यातून एक वाट दिसते. थंडीतलं चांगलं काम नेमकं कोण करतं ते कळलं, तर पुढे कधीतरी शरीर गार न करता तेवढंच काम औषधाने करून घेता येईल. असं औषध आज दवाखान्यात मिळत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागितले तर विश्वास ठेवू नका.

प्रथिनांच्या अभ्यासाचा एक उपयोग मात्र प्रत्यक्षात आला आहे. मेंदूला इजा झाली की त्यातली काही प्रथिनं रक्तात उतरतात. अशी दोन प्रथिनं मोजणाऱ्या रक्ततपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. सौम्य मार लागलेल्या मोठ्या माणसाचा सीटी स्कॅन करायची गरज आहे का, हे ठरवायला ती मदत करते. मार लागल्यापासून १२ तासांच्या आत रक्त घ्यावं लागतं, कारण प्रथिनं ठरावीक वेळी चढतात आणि उतरतात. ही तपासणी आपल्या तालुक्याला मिळेल असं आम्ही म्हणत नाही. पण त्यातला धडा घेण्यासारखा आहे. मार किती वाजता लागला, ही माहिती औषधाइतकीच मोलाची असते. ती लिहून ठेवा.

आता एक गोष्ट आपल्या मुंबईजवळची. जन्मताना प्राणवायू कमी पडून बाळाच्या मेंदूला इजा होते. ही इजा मारामुळे होत नाही, पण तिच्यावरही थंडीचा उपचार आहे. श्रीमंत देशांत अशा बाळांना तीन दिवस गार ठेवतात आणि तिथे त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. तोच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासला गेला. त्यात मुंबईचं सायन रुग्णालयही होतं. २०२१ साली निकाल आला. गार केलेल्या बाळांत १०० पैकी ४२ दगावली, न केलेल्यांत ३१. संशोधकांनी स्पष्ट सांगितलं, की आपल्यासारख्या देशांत हा उपचार देऊ नये. तिकडे चाललं म्हणून इकडे चालेलच असं नसतं, हे त्या बाळांनी आपल्याला दाखवून दिलं. म्हणून आपल्या लोकांवर, आपल्या दवाखान्यांत तपासण्या होणं गरजेचं आहे.

आणि म्हणूनच उद्या दवाखान्यात कुणी म्हणालं, 'संशोधनासाठी रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचंय, सही करा,' तर घाबरू नका आणि न वाचता सहीही करू नका. रुग्ण बेशुद्ध असेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती घेतात, म्हणजे सही आपल्यावरच येते. कशासाठी घेताय, त्यात धोका काय, खर्च कोण करणार, नाव गुप्त राहणार का, हे विचारा. आपल्या भाषेत समजावून सांगा म्हणा. नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे आणि नाही म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. कळून, पटून होकार दिलात तर तुमच्या माणसाच्या रक्तातून दुसऱ्या कुणाचा जीव वाचवणारी माहिती मिळू शकते.

आता घरी काय करायचं ते नीट ऐका आणि गटात सांगा.

डोक्याला जोराचा मार लागलेल्या माणसाच्या अंगावर गार पाणी ओतू नका. बर्फात गुंडाळू नका. इतक्या काळजीने अतिदक्षता विभागात केलेली थंडी माणसाला मानवली नाही, तर अंगणात ओतलेली कळशी काय मानवणार? रक्तस्राव होत असताना अंग गार पडणं वाईटच. उलट ओले कपडे बदला आणि चादर पांघरा. कपाळावर साधं टेंगूळ आलं तर तेवढ्या जागेवर गार फडकं ठेवायला हरकत नाही.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, चहा काही घालू नका, ते श्वासनळीत जातं. कांदा, चप्पल हुंगवत बसू नका. जखमेत हळद, चहापत्ती, तंबाखू भरू नका, स्वच्छ फडक्याने दाबून धरा. मान हलवू नका. उचलायचंच झालं तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार जणींनी मिळून उचला. १०८ ला फोन करा. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत संरक्षण दिलेलं आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका.

मार लागल्यावर माणूस उठून बसला, बोलला, म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसरा टप्पा नंतर सुरू होतो, हे आपण पाहिलं. निदान एक दिवस आणि एक रात्र लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उठणारी झोप, असंबद्ध बोलणं, झटका, एका हातापायातली ताकद जाणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठा. म्हातारी माणसं आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे यांना मार थोडा वाटला तरी दाखवाच. दवाखान्यात ताप चढला तर लगेच सांगा, कारण दुखावलेल्या मेंदूला ताप बाधतो. ताप उतरवणं आणि शरीर गार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप उतरवणं आजही गरजेचंच आहे.

मार घरात बसला असेल तरी डॉक्टरांना खरं सांगा. मार कशाने आणि कितीदा लागला, यावर उपचार ठरतो. वारंवार डोक्यावर बसलेला मार मेंदूला जास्त बाधतो. महिला हेल्पलाइन १८१ आहे. गटातली एखादी मैत्रीण दर महिन्याला 'पडली' म्हणत असेल, तर हप्त्याच्या वहीत सही घेताना तिच्याकडे नीट बघा आणि बाजूला घेऊन विचारा.

शेवटी हेल्मेट. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही लागतं, चार वर्षांवरच्या मुलालाही. मेंदूच्या इजेचा पहिला टप्पा कुठलाही डॉक्टर परतवू शकत नाही. तो टळू शकतो तो हेल्मेटने, खोचलेल्या पदराने आणि ट्रॉलीवर न चढण्याने. पुढच्या बैठकीत एक हिशोब करा. गटातल्या किती घरांत मोटारसायकल आहे आणि त्यातल्या किती घरांत दुसरं हेल्मेट आहे? ज्या घरात नाही, तिथे ते घेण्यासाठी अंतर्गत कर्जातून थोडी रक्कम देता येते का, त्याचा ठराव मांडा. १०८ आणि १८१ हे आकडे समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून टाका.